जागृत डोंगर

वळसंगच्या अलीकडे रस्ता रुंद करायचं काम चाललंय. आज सकाळी तिथे आमच्या गाड्या अडवून ठेवल्या होत्या, कारण पुढे खडकात सुरुंग उडवायचा होता. लाल झेंडीवाला निवांत उभा, त्यामुळे आम्हीही निवांत. मग जमिनीच्या पोटातून एक दबका धक्का आला, काळ्या दगडाचा भुगा उंच उडाला आणि थोड्या वेळानं वाऱ्याबरोबर तो वास आला. विझलेल्या काडीचा असतो तसा, घशाशी खवखवणारा. शेजारच्या रिक्षातल्या बाईनं पदर नाकाला लावला. मी मात्र खिडकीची काच आणखी खाली केली. त्या वासानं मला उचलून सातासमुद्रापलीकडच्या एका डोंगराच्या काठावर नेऊन उभं केलं होतं, आणि तिथून परत यायला मला काही केल्या जमेना.

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. जागृत, निद्रिस्त आणि मृत असे ज्वालामुखीचे तीन प्रकार दरवर्षी फळ्यावर लिहिले आणि दरवर्षी पुसले. आपली ही सोलापूरची काळी माती म्हणजे एके काळचा लाव्हाच, तुम्ही आत्ता त्याच्यावर बसला आहात, असं सांगितलं की पोरं हमखास बाकाखाली वाकून बघायची. त्यांना हसणाऱ्या मास्तरनं स्वतः मात्र एकही ज्वालामुखी पाहिलेला नव्हता. निवृत्तीनंतर सिंगापुरातल्या मुलानं मला जावा बेटावर न्यायचं ठरवलं, तेव्हा मी त्या पोरांपेक्षाही जास्त हरखलो. शेंगा फोडत बसलेल्या आईला जाऊन म्हणालो, "आई, जागृत ज्वालामुखी बघायला चाललोय."

आईनं त्यातला एकच शब्द उचलला. आमच्याकडे देवस्थान जागृत असतं, म्हणजे तिथला देव नवसाला पावतो. डोंगर जागृत म्हटल्यावर तिच्या लेखी विषय संपला होता. "बाई हाय का बाप्या?" तिनं विचारलं. मला कळेना. "आरं, बाई आसंल तर वटी भराय लागती, बाप्या आसंल तर नुस्ता नारळ." मी तिला मास्तरकी थाटात लाव्हा, गंधक, भूकवच सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते आसू दे. जागृत हाय म्हन्तोस न्हवं? मग ऐकतंय की. तितं वर जाऊन त्याला एक हाक मार. नाव घिऊन मार. येवढंच कर माजं."

'त्याला' म्हणजे कुणाला, हे आमच्या घरात विचारावं लागत नाही. माझा धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा तो नातेपुत्याला नोकरीला होता. निरोप उशिरा पोचला, एसटी त्याहून उशिरा. लोक घाई करत होते, मी थांबलो नाही. तो दारात आला तेव्हा आम्ही स्मशानातून परतून ओल्या अंगानं अंगणात बसलो होतो. भरल्या अंगणात मी त्याला म्हणालो, "आता कशाला आलास?" त्यानं पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. तसाच वळला आणि गेला. त्याला आता अकरा वर्षं झाली. कुणी सांगतं गुलबर्ग्याला आहे, कुणी सांगतं दुधनीच्या बाजारात दिसला होता. पत्ता काढणं अवघड नव्हतं. मी काढला नाही, हे खरं आहे आणि ते इथे लिहिलेलं बरं.

आईनं मला त्यावरून कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. नारळ मात्र पिशवीत घालून दिला. तो सिंगापूरच्या विमानतळावर मुलानं काढून ठेवला. "बाबा, हा कशाला?" म्हणाला. मी काहीतरी थाप मारली.

त्या डोंगराचं काय सांगू तुम्हाला. आधी राखेचं सपाट मैदान लागलं, करडं, गवताची काडी नसलेलं. पाय घोट्यापर्यंत रुतत होते. उन्हाळ्यात नांगरून टाकलेल्या रानातून चालावं तसं तासभर चाललो, मग खडी चढण आणि शेवटी दगडी पायऱ्या. दर वीस पायऱ्यांवर मी देखावा बघण्याचं निमित्त करून दम खात होतो. काठावर पोचलो आणि खाली पाहिलं. तळातून पांढरा धूर उसळत होता आणि एक अखंड घरघर येत होती, आमच्या सोलापूरच्या पूर्वभागात चालू यंत्रमागांच्या कारखान्याबाहेर उभं राहिल्यावर येते तशी. इतकी वर्षं मी फळ्यावर काढत आलो ते चित्र किती मुकं होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते गंधकानं, असं मी मुलाला सांगितलं.

शेजारी तिथल्याच गावची एक म्हातारी आली. तिच्या टोपलीत कोबीचा गड्डा, कांद्याची पात, फुलं आणि थोडा भात होता. तिनं एकेक वस्तू त्या धुरात सोडली आणि मोठ्यानं, कुणाचीही भीड न बाळगता, खाली बघून काहीतरी बोलली. मला भाषा कळली नाही, पण सूर ओळखीचा होता. आईची काही चूक झालीच नव्हती. डोंगर तिथल्या लोकांच्या लेखीही जागृतच होता, आमच्या अर्थानं. चूक असलीच तर माझ्या पुस्तकी अर्थात होती.

मग मी तोंड उघडलं. आजूबाजूला फोटो काढणारी माणसं होती, पण त्यांची लाज नव्हती वाटत. नावच बाहेर येईना. दहा वर्षांत मी ते एकदाही उच्चारलं नव्हतं, 'तो' आणि 'त्याला' यावरच भागवलं होतं. लहानपणी दिवसातून पन्नासदा ओरडून घेतलेलं नाव, विहिरीवर, शाळेच्या वाटेवर, जेवायच्या पानावर. ते जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि राखेसारखं कोरडं होऊन तिथेच बसलं. म्हातारी रिकामी टोपली घेऊन उतरून गेली. तिच्या मागून मीही उतरलो.

घरी आल्यावर आईनं पाणी दिलं आणि विचारलं, "मारलीस का हाक?" खोटं बोलायचं मी ठरवून आलो होतो. पण तिच्यासमोर ते टिकलं नाही. "नाही जमलं गं," म्हणालो. ती रागावली नाही. पेला हातातून घेत म्हणाली, "देवाला त्याचं नाव ठावं हाय रं. मला तुज्या तोंडून ऐकायचं हुतं."

या गोष्टीला वर्ष होत आलं. आई आणखी थकली आहे. माणसं पृथ्वीच्या आगीला भितात, पण ती आग निवते, तिची माती होते, तिच्यात ज्वारी पिकते. आपण मात्र एका वाक्याची धग जन्मभर जपतो. मला तो हवा आहे. किती हवा आहे हे मला आज त्या सुरुंगाच्या वासात, गाडीत बसल्या बसल्या कळलं आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा रस्ता मोकळा झाला होता.

दुपारी घरी आलो. आई आतल्या खोलीत होती, तिला दारातून मी दिसत नव्हतो. मी उंबऱ्यात उभा राहिलो, चपला पायांतच होत्या. आणि त्या नावानं हाक मारली, लहानपणी मारायचो तशी, शेवटचं अक्षर लांबवून.

मग आतून आईनं ओ दिली, त्याच्या वतीनं.