गणपतीचं ग्रीक मखर

आमच्या मराठी गणपतीचं मखर मी एका वर्षी ग्रीक केलं होतं. असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे कसं? तर सहा उभे खांब, खांबांवर आडवी पट्टी, पट्टीवर बसकं त्रिकोणी डोकं, आणि मधोमध आमचा गणपती, पीतांबर नेसून काहीसा बुचकळ्यात पडलेला.

काशीत पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्ल्यांतल्या मराठी घरांचा हा गणपती. आम्ही सगळे पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भांडताना दोन्ही. गणपती एका जुन्या धर्मशाळेच्या माडीवरच्या दालनात बसायचा, आणि त्याचं मखर वीस-बावीस वर्षं एकाच माणसाकडे होतं. हे काका रेल्वेत पेंटर होते. स्टेशनांच्या पिवळ्या पाट्यांवर काळ्या अक्षरांत गावांची नावं लिहिण्यात त्यांची सारी नोकरी गेली. मखरात ते दर वर्षी कैलास पर्वत करायचे, प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाचा. कैलासावर दर वर्षी एक धबधबा असे आणि तो दर वर्षी दुसऱ्या दिवशी बंद पडे.

त्या वर्षी काकांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. मग मंडळातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं की नव्या पिढीला संधी द्यायची. नवी पिढी म्हणजे मी. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, कलेचा इतिहास हा माझा विषय होता, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल माझं मत तयार होतं. काकांनी त्यांची ब्रशांची पेटी माझ्या हातात दिली. मी ती न उघडता दालनाच्या कोपऱ्यात ठेवून दिली.

ग्रीस माझ्या डोक्यात शिरला तो पिक्चरमधून. इंग्रजी पिक्चर तेव्हा नुकतेच हिंदी बोलायला लागले होते. त्यातलाच एक अद्भुत पिक्चर मी आईबरोबर पाहिला. पंखांचे घोडे, एका डोळ्याचा राक्षस, आणि ढगांवर पांढऱ्याशुभ्र महालात राहणारे देव. महालाचे खांब रेघारेघांचे, जमिनीपासून आभाळापर्यंत गेलेले. देवांच्या अंगावर पांढरी वस्त्रं, दाढ्या कुरळ्या, आणि तोंडी “हे वत्स!” अशी शुद्ध हिंदी. मी श्वास रोखून बघत होते. आई शेजारी शेंगदाणे सोलत म्हणाली, “एवढा मोठा देव, पण सोवळं धड नेसता येत नाही. बघ, आता सुटेल.” एक देवी डोक्यावर शिरस्त्राण घालून आली तेव्हा आईने विचारलं, “ही घरातल्या घरात टोपी कशाला घालते?” मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

त्यानंतर मला जिथे तिथे ते खांब दिसायला लागले. टीव्हीवर त्या काळी जादूगारांच्या आणि राजकन्यांच्या मालिकांचा सुकाळ होता. जादूगार कुठल्याही देशातला असो, त्याच्या महालाला हेच रेघारेघांचे खांब. सेनापतीच्या शिरस्त्राणावर तोच ब्रशसारखा उभा तुरा. राणीच्या पदराला तीच चौकोनात शिरून पुन्हा बाहेर येणारी नक्षी. म्हटलं, अद्भुत म्हणून जे काही आहे ते सगळं इथून आलेलं दिसतंय, आणि हे काशीत फक्त मला कळलंय. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मी एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात त्या देवळांचे फोटो होते आणि सगळी देवळं पांढरी होती. फोटोच काळे-पांढरे आहेत, त्यात दुसरा रंग येणार कुठून, हे माझ्या डोक्यात आलं नाही. शिकवणाऱ्या मॅडमना विचारता आलं असतं, पण आमचा वर्ग अजून मोहेंजोदडोतून बाहेर पडला नव्हता.

या मॅडम मराठी होत्या, आणि गणपतीच्या चौथ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला पाहुण्या म्हणून येणार होत्या. खरं सांगायचं तर माझं मखर गणपतीसाठी नव्हतंच, ते त्यांच्यासाठी होतं. त्यांनी ते बघावं, थबकावं, आणि एवढ्या मुलांत ही एक जाणती निघाली असं म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. मी एम.ए. करावं की बी.एड. करून शाळेत लागावं यावर घरात खल चालला होता, आणि मॅडमचा एक शब्द बाबांना पुरला असता.

कापडाच्या दुकानांतून ताग्यांच्या पुठ्ठ्याच्या नळ्या आणल्या, त्यांवर थर्माकोलच्या उभ्या पट्ट्या चिकटवल्या, आणि खांब झाले. त्रिकोण कापला. ती चौकोनी नक्षी कापता कापता दोन बोटंही कापली. आई डबा घेऊन आली, नक्षी बघून म्हणाली, “हे तर माझ्या जुन्या साडीचे काठ.” मी म्हटलं, “आई, हे ग्रीक आहे.” ती म्हणाली, “असेल. पण साडी मी इथल्या ठठेरी बाजारातून घेतली होती.”

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सगळे मखर बघायला आले. पूजा सांगणाऱ्या गुरुजींनी चष्मा पुसला आणि विचारलं, “छान झालंय. रंगाई-पुताई कधी करणार? उद्या तर प्रतिष्ठा आहे.” मी सांगितलं की असंच पांढरं राहणार. एक काकू म्हणाल्या, “दवाखाना वाटतोय गं.” दुसऱ्या म्हणाल्या, “नाही हो, बँक.” माझ्या नाकाचा शेंडा लाल व्हायला लागला.

पेंटरकाका स्टुलावर बसून मघापासून खांबांकडे बघत होते. ते हळूच म्हणाले, “बेटा, रंग लावून देऊ का मी? डिस्टेंपर आहे घरी. लाल, पिवळा, निळा. थोडं खुलेल.”

मी सगळ्यांसमोर म्हणाले, “काका, याला थोडा अभ्यास लागतो. ही स्टेशनची पाटी नाही.”

काका म्हणाले, “हां, वो तो है,” आणि काठी घेऊन जिना उतरून गेले. त्यांच्या काठीचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू आला. मला तेव्हाच वाईट वाटलं होतं. पण मागे धावत जाऊन माफी मागायची तर आपण चुकलो असं म्हणावं लागतं, आणि तेवढी अक्कल मला नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी हळदीकुंकू होतं. बनारसच्या माकडांना अशा कार्यक्रमांची आगाऊ खबर असते. बायका खाली पानसुपारी घेत असताना एक दांडगं माकड खिडकीतून आलं, केळी उचलली, जाता जाता कुंकवाचं ताट पालथं घातलं, आणि दोन्ही हात त्यात माखून माझ्या खांबांवर चढलं. अगदी सावकाश चढलं. सहाच्या सहा खांबांवर त्याने पंजे उमटवले आणि त्रिकोणावर बसून केळं सोललं. आम्ही काठ्या घेऊन धावलो तेव्हा ते सालं टाकून निघून गेलं. मी ओलं फडकं घेऊन डाग पुसायला गेले, तर लाल डागांचे गुलाबी ओघळ झाले. उद्या मॅडम येणार होत्या. मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले आणि जाहीर केलं की मी आता त्या दालनात पाय ठेवणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने हाताला धरून नेलं. जिना चढून वर आले आणि दारातच थांबले. मखर रंगवलेलं होतं. खांब पिवळेधमक, वर-खाली लाल पट्टे. ती चौकोनी नक्षी लाल-काळी, एकेक रेघ दोरा धरल्यासारखी सरळ. त्रिकोणाच्या आतली सपाट पाठ गर्द निळी, फक्त वरचं टोक पांढरं राहिलेलं. पेंटरकाका स्टुलावर बसले होते, धोतरावर सगळ्या रंगांचे शिंतोडे. मला बघून म्हणाले, “लाल डाग निघेना बेटा. म्हटलं, मग सगळंच रंगवावं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन आठवड्यांची मेहनत, आणि समोर जत्रेतला पाळणा! मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून मॅडम आल्या. त्या मखरासमोर उभ्या राहिल्या, आणि त्यांनी एकेक खांब निरखून पाहिला. मग त्यांनी विचारलं, “हे रंग कोणी सुचवले?”

मी ताबडतोब काकांकडे बोट दाखवलं. “यांनी! मी नाही. माझं पांढरंच होतं.”

मॅडम म्हणाल्या, “तुझं चुकलं होतं.”

मग त्यांनी तिथेच सांगितलं. ती देवळं पांढरी नव्हतीच. लाल, निळ्या, पिवळ्या रंगांनी भरलेली होती, मूर्तींचे ओठ आणि वस्त्रंसुद्धा रंगवलेली होती. त्रिकोणाची पाठ बऱ्याचदा निळीच असायची. पुढे उन्हा-पावसात रंग उडाले, शेकडो वर्षांनी लोकांनी ते उघडे दगड पाहिले, आणि पांढरं म्हणजेच थोर असं ठरवून टाकलं. पिक्चरवाल्यांनी तेच उचललं. “खांब बहुधा एवढे पिवळे नसतील,” त्या हसून म्हणाल्या, “पण मी हे सगळं फक्त वाचलंय. समोर पहिल्यांदाच बघते.” त्या काकांपुढे गेल्या आणि त्यांनी हात जोडले. “तुम्हाला हे कसं सुचलं?”

काका गडबडून उभे राहिले. “मॅडम, आम्ही रेल्वेचे लोक. गाडी येताना पाटी दुरून दिसली पाहिजे. देवाचं घर पण घाटावरून दिसायला हवं ना?”

“अगदी हेच,” मॅडम म्हणाल्या. “देऊळ टेकडीवर, माणूस खाली. दुरून दिसावं म्हणूनच रंग.”

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, मग आईने, मग दोन्ही काकूंनी. मी काय बोलले होते ते सगळ्यांना शब्दन्‌शब्द आठवत होतं. आरतीभर मी मान खाली घालून टाळ्या वाजवल्या आणि एकदाही तालात वाजवल्या नाहीत.

आरतीनंतर माणसं प्रसादाला खाली गेली. काका मखरापाशीच बसून राहिले होते. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी विचारलं, “पण बेटा, हे पिक्चरवाले एवढे मोठे लोक. त्यांना एक पेंटर नाही भेटला विचारायला?”

मी म्हटलं, “भेटला असेल काका. कोणीतरी सगळ्यांसमोर त्याचा अपमान करून त्याला घालवून दिलं असेल.”

माझे डोळे भरून आले. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातली पेटी पुढे ओढली, त्यातला एक चपटा ब्रश निळ्यात बुडवून माझ्या हातात दिला, आणि काठीने त्रिकोणाचं पांढरं टोक दाखवलं.

“तेवढं राहिलंय. माझा हात तिथवर नाही जात आता.”

मी स्टुलावर चढले. निळा रंग कोपरापर्यंत ओघळला. खालून काकांनी स्टूल घट्ट धरलं होतं.

“घाई नको,” ते म्हणाले. “रेघ सरळ ओढ. स्टेशनची पाटी आहे असं समज.”