गाढीकाठचे मामा आणि युमा काउंटी

माझ्या पत्नीच्या थोरल्या मामांइतका अचूक माणूस पनवेलमध्ये दुसरा नाही, आणि असलाच तर त्याच्या शेजाऱ्यांविषयी मला सहानुभूती आहे. मामा भूगोलाचे निवृत्त शिक्षक. डावी-उजवी त्यांना मान्य नाही. रिक्षावाल्याला ते 'नैऋत्येला वळा' सांगतात आणि दोन चौक पुढे जाऊन उतरतात. चटणी त्यांना ताटाच्या वायव्येलाच लागते. एकदा मामींनी लोणचं उजव्या हाताला वाढलं, तर म्हणाले, "अगं, बंगालच्या उपसागरात पडलं ते!" नकाशावरची नदी ते ओल्या दोऱ्याने मोजतात, दोरा वळणावळणाने लावायचा, मग पट्टीवर ताणायचा. खिशात एक वेळ रुमाल नसेल, दोरा असतोच. एका लग्नपत्रिकेत 'कार्यालय स्टेशनपासून पाच मिनिटांवर' असं छापलं होतं. मामा घड्याळ लावून चालत आले आणि अकरा मिनिटं लागल्याचं त्यांनी वधूपित्याला अक्षता पडण्यापूर्वी कळवलं.

या अचूकतेचा उपयोग एकाच व्यक्तीपुढे होत नसे. ती म्हणजे त्यांची दहा वर्षांची नात. लेक-जावई ॲरिझोनातल्या युमा काउंटीत राहतात. रविवारी सकाळी, तिथे शनिवारची संध्याकाळ असताना, फोन येई. पडद्यावर नात दिसे, "हाय आजोबा, बाय आजोबा" म्हणे आणि निघून जाई. फोन बंद झाल्यावर मामा बराच वेळ तो पुसत बसत.

मग त्यांनी युमाचा अभ्यास सुरू केला. भिंतीवर पनवेलच्या नकाशाशेजारी युमाचा नकाशा लागला. शहर कोलोरॅडो नदीच्या काठी का वसलं, हे ते भेटेल त्याला सांगू लागले. दोन खडकांमध्ये नदी अरुंद होते, तिथून माणसं पलीकडे जात. पुढे आगबोटी आल्या, मग रेल्वे आली आणि बोटी गेल्या. मला म्हणाले, "आपल्या पनवेल बंदरासारखंच, जावईबापू! सगळे जाता जाता थांबणार, राहणार कोण?"

एका रविवारी ते नातीला म्हणाले, "तुमच्याकडे वाळवंट. गवताची काडी उगवत नसेल."

निघालेली नात परत फिरली. "राँग, आजोबा! इथे लेट्यूस होतं. कालव्याचं पाणी देतात. हिवाळ्यात ट्रकच्या ट्रक भरून जातात."

चाळीस वर्षं इतरांच्या चुका काढणाऱ्या माणसाची चूक निघाली होती, आणि मामांनी ती पनवेलभर साजरी केली. बाजारात मासळीवाल्या मावशींनाही सांगितलं. त्या कोलंबी मोजता मोजता म्हणाल्या, "मास्तर, नातीनं चूक काढली त यवढं हसायचं काय हाय? आमच्या घरात तर रोज काढतात."

"पण ती चार वाक्यं बोलली!" मामा म्हणाले.

पुढच्या रविवारपासून मामा दर आठवड्याला एक चूक करू लागले. त्यासाठी त्यांनी वही केली. आगबोटी विजेवर चालत. युमात फार पाऊस पडतो. नात कमरेवर हात ठेवून सुधारणा करी, पुरावे आणी, शाळेत बाईंना विचारून येई. 'हाय-बाय'चा फोन पाऊण तासावर गेला. मामी म्हणाल्या, "माझ्याशी लग्न केल्यापासून एकदाही 'चुकलो' म्हणाले नाहीत हो!" मामा त्या दिवसांत दिग्विजय करून आल्यासारखे चालत, अर्थात पूर्वेकडून पश्चिमेकडे.

परवा मीही तिथे होतो. त्या दिवशी ठरलेली चूक करून, ती दुरुस्त करून झाली होती. मामा सहज म्हणाले, "एवढी मोठी तुमची नदी समुद्राला मिळताना काय दिसत असेल!"

"नाही मिळत, आजोबा."

"असं कसं? नदी आहे ना?"

"सगळं पाणी शेतांना देऊन टाकतात. पुढे मेक्सिकोत ती वाळूतच संपते. आम्ही बघून आलो."

मामांनी वहीकडे पाहिलंही नाही. हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

"तुमची गाढी नदी मिळते?" तिने विचारलं.

"मिळते. माथेरानच्या डोंगरातून निघते, आपल्या गावावरून खाडीत जाते. लहानशी आहे, पण पोहोचते."

"मी येईन तेव्हा दाखवाल?"

"दाखवीन," मामा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कधी येशील?"

तिने मागे वळून आईकडे पाहिलं. आई काय म्हणाली, ते आम्हाला ऐकू आलं नाही.