कडक लायनर

आमच्या तुमसरच्या घरी पाहुण्याला बसायला जागा करायची तर आधी पत्रकांचे गठ्ठे उचलावे लागत. बाबा बिडी कामगारांच्या संघटनेत होते. मी वाचायला शिकले ती पत्रकांवरच. त्यातला एक प्रश्न मला मुळाक्षरांसारखा पाठ झाला होता: यात फायदा कोणाचा? तो मी सगळ्यांना लावत असे. दुकानदाराला, मास्तरांना, मावशीनं आणलेल्या स्थळाला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी तो मोटरसायकलच्या ब्रेकला लावला. उत्तर बरोबर आलं आणि तरीही मी चुकले.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. हिवाळ्यात ताई बाळंत झाली म्हणून मी तिच्या सासरी, सिहोऱ्याजवळच्या गावी, दोन महिने राहायला गेले. माझे भाटवे, म्हणजे ताईचे यजमान, तलावात मासे धरणाऱ्या घरातले. त्यांच्याकडे दोन हात फिरून आलेली एक मोटरसायकल होती. चार घरांची मासळी टोपल्यांत भरून ते पहाटे तुमसर रोड स्टेशनावर न्यायचे, नागपूरच्या गाडीसाठी. स्टेशनाच्या अलीकडे रेल्वेचं फाटक होतं, आणि फाटकाच्या अलीकडे उतार. धानाची कापणी झालेल्या बांध्यांवरून, तलावांवरून धुकं उठायचं आणि रस्त्यावर येऊन बसायचं. फाटक बंद आहे की उघडं, हे अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नसे. साडेसातला मोटरसायकलचा आवाज गावात परत आल्याशिवाय ताई चहा तोंडाला लावत नसे. बाळाला पाजतानाही तिचा कान रस्त्याकडे.

असा माणूस वर्षातून एक दिवस शर्यतीत उतरायचा. गावाच्या शंकरपटात बैलांच्या जोड्या पळून झाल्या की त्याच पटावर मोटरसायकलवाली पोरं उतरायची. दोघं दोघं पळायचे, जिंकलेला पुढे जायचा, असे तीन-चार फेरे. पट संपतो तिथे तलावाची पाळ. म्हणजे जोरात पळायचं आणि तितक्याच जोरात थांबायचं. बक्षीस पितळेचा गुंड, पाणी भरायचं मोठं भांडं. आदल्या वर्षी तिसऱ्या फेरीत भाटव्यांचा ब्रेक जळाला, चाकातून धूर निघाला आणि ते गाडीसकट पाळीवर चढले. कोपर सोललं. लोक हसले, ते त्यांना कोपरापेक्षा जास्त लागलं.

म्हणून त्या डिसेंबरात, ब्रेकचे शू झिजलेच होते तर, त्यांनी ठरवलं की या वेळी चांगलं लायनर टाकायचं. थंडीतही चालेल आणि पटावरही जळणार नाही असं. तुमसरला धानाच्या बाजाराजवळ त्यांचा नेहमीचा मिस्त्री होता. मलाही घरून कपडे आणायचे होते, म्हणून मी सोबत गेले.

मिस्त्रीनं दोन लायनर फळीवर ठेवले. ब्रेकच्या शूवर ठोकायच्या अर्धगोल पट्ट्या. एक मळकट, सुतासारखा विणलेला, नखानं दाबला जाणारा. दुसरा काळा, गुळगुळीत, दगडासारखा.

"नरम घे, भाऊ," मिस्त्री म्हणाला. "तुयं काम पहाटचं आहे."

"अन् पटावर?"

"पटाच्या दिवशी दोन फेरे पळ अन् घरी ये. नाई तर त्या दिवसापुरता कडक बसवून देतो, दुसऱ्या दिवशी काढून टाक."

"म्हणजे दोनदा मजुरी तुमची," मी म्हणाले.

मिस्त्रीनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "कोण होय ही?"

"साळी माही," भाटवे म्हणाले. "संघटनेवाल्याची पोरगी. सांभाळून बोल, मोर्चा आणंल."

दोघं हसले. मी हसले नाही, कारण मला तिथेच एक गोष्ट दिसली होती. दुकानाच्या भिंतीला टेकून एक चकचकीत मोटरसायकल उभी होती, तिच्या हँडलला शंकरपटाची वाळलेली गोंड्यांची माळ. ज्यानं आदल्या वर्षी गुंड नेला त्याची. मी विचारलं तर भाटवे सहज म्हणाले, "मिस्त्रीच्या साळ्याची होय ते. भाताच्या मिलीत मुकादम आहे."

"मिस्त्री, तुमच्या साळ्याच्या गाडीत कोणता लायनर?"

"कडक."

"अन् आमच्या भाऊजींना नरम."

"होय."

"काहून?"

"त्याचं काम अलग, याचं अलग."

"हे लिहून देता का?"

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. "बाई, मले सही तेवढी येते. अन् ब्रेक का अर्ज वाचून लागते?"

मला हवं ते उत्तर मिळालं होतं. लिहून द्यायला नकार. साळ्याला कडक, प्रतिस्पर्ध्याला नरम. फायदा कोणाचा? त्या दिवशी आम्ही काहीच न घेता निघालो. भाटव्यांना मिस्त्रीचं पटत होतं, पण माझ्या बोलण्यानं त्यांच्या मनात पाल चुकचुकलीच. वाटेत पेट्रोल पंपावर कोणी एजंट नव्या लायनरची पत्रकं वाटून गेला होता. एक मी उचललं. गुळगुळीत कागद, त्यावर वळण घेणारी मोटरसायकल आणि खाली हिंदीत मोठ्या अक्षरांत: "जितनी गर्मी, उतनी पकड़."

घरी आल्यावर मी ते ताईला वाचून दाखवलं. कंपनीनं छापून दिलंय, मी म्हणाले. छापलेल्याला जबाबदार माणूस असतो, खाली पत्ता असतो. मिस्त्रीच्या तोंडाला पत्ता नाही. आज हे लिहिताना मला आश्चर्य वाटतं. साबणाच्या जाहिरातीवर मी कधी विश्वास ठेवला नव्हता. पण कागद हातात आला की माझ्या आत बाबांच्या गठ्ठ्यांचा वास उठायचा, आणि पत्रक खोटं बोलणार नाही असं वाटायचं.

ताई बाळाला तेल लावत होती. तिला वाचता येत नव्हतं. चौथीच्या आत तिला बिड्या वळायला बसवलं होतं. शिकायचं माझ्या वाट्याला आलं.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

"जितनी गर्मी, उतनी पकड."

"अन् गार असला तं?"

"काय?"

"गरमीत पकडते म्हणते. हे पहाटी जातेत. गार असला तं का करते, ते लिहिलं का त्याच्यात?"

"ताई, चांगला ब्रेक म्हणजे चांगला ब्रेक. तो का घड्याळ पाहून धरतो?"

"मले काय समजते बाप्पा," ती म्हणाली आणि बाळाला पालथं घातलं. पण कागदाकडे तिनं ज्या नजरेनं पाहिलं, तशी ती तलावाच्या ठेक्यासाठी अंगठा मागायला येणाऱ्यांकडे पाहायची.

चार दिवसांनी भाटव्यांनी कडक लायनर बसवून आणला. मिस्त्रीनं रिव्हेट ठोकले आणि मजुरी मोजून घेतली म्हणे.

पहिल्या दिवसापासून भाटवे सांगत, "थोडा उशिरा धरते." मी म्हणे, नवा आहे, बसेल. आठवड्यानंतरही ते तेच म्हणाले, तेव्हा मला वेगळाच संशय आला. मिस्त्रीनं मुद्दाम ढिला बसवला असेल. आपलं म्हणणं खरं करायला माणूस काय करणार नाही?

मग कॉलेजात एक अर्ज भरायचा होता, म्हणून एका पहाटे मी त्यांच्या मागे बसले. एक टोपली माझ्या मांडीवर, दोन मागे बांधलेल्या. तोंडाला ओढणी गुंडाळली तरी कान दुखत होते. रस्ताभर ब्रेक लावायची वेळच आली नाही, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. उतार लागला आणि समोर धुक्यात एक लाल ठिपका हलला. फाटकवाल्याचा कंदील. फाटक खाली येत होतं.

भाटव्यांचा पाय ब्रेकवर गेलेला मला जाणवला, त्यांची पाठ ताठ झाली. गाडी थांबली नाही. हँडलचा ब्रेकही त्यांनी मुठीत आवळला, पण लायनर त्यातही तोच. गाडी जशी होती तशीच, काचेवरून घसरावी तशी, खाली जात राहिली. "घट्ट धर!" ते ओरडले, गिअर खाली टाकला, इंजिन किंचाळलं. फाटकाचा आडवा लोखंडी दांडा दिसला आणि त्यांनी गाडी डावीकडे, रस्त्याखाली, कापलेल्या बांधीत घातली. आम्ही धुऱ्याला, बांधीच्या मातीच्या बांधाला, धडकून पडलो. माझ्या अंगावर मासे, त्यांचा पाय गाडीखाली.

मग मालगाडी गेली. डबे मोजण्याइतकी जवळून.

फाटकवाला कंदील घेऊन धावत आला. "मरायचं असंल तं दिवसा येत जा बे! मले बयान द्या लागते!" मग मला पाहून तो खाली वाकून मासे वेचू लागला.

पाय मोडला नव्हता, घोटा सुजला होता. भाटवे लंगडत गाडीकडे गेले. गाडी उभी केली, चालू केली, आणि मोकळ्या रस्त्यावर पुढे नेऊन ब्रेक दाबला. पुन्हा पळवली, पुन्हा दाबला. चार-पाचदा. शेवटच्या वेळी गाडी जागच्या जागी रुतल्यासारखी थांबली.

"आता धरते, पाहा," ते म्हणाले. "हात लाव."

मी चाकाच्या मध्यावरच्या ड्रमला हात लावला. ऊन होता, नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखा. जितनी गर्मी, उतनी पकड. पत्रक खोटं बोललं नव्हतं. त्यानं सगळं सांगितलं होतं, आणि ताईनं ते नुसतं ऐकून ओळखलं होतं.

त्याच दिवशी आम्ही मिस्त्रीकडे गेलो. त्यानं भाटव्यांचा घोटा पाहिला, गाडीला लागलेली माती पाहिली आणि न विचारता चाक खोलायला घेतलं. माझा राग मात्र गेला नव्हता. माणूस चुकला की राग जास्त येतो.

"तुम्हाला माहीत होतं तर जोर देऊन का सांगितलं नाही?"

"सांगतलं ना. तुमी लिहून मागितलं."

"तुमचा साळा कडक वापरतो."

"तो दहा वाजता मिलीत येते, ऊन पडल्यावर. त्याच्या रस्त्यात ना फाटक, ना उतार. अन् पटावर उतरायच्या आधी दोन चकरा मारून ब्रेक तापवून घेते."

"पण गुंड तुमच्या साळ्याला मिळावा असं तुम्हाला वाटतच होतं."

मिस्त्री हसला. "वाटनच ना बाई! माही बायको मले जेवू देईन का नाई तं? पण गुंडासाठी कोणाले फाटकावर मारू का मी?"

त्याचा फायदा होता आणि तो खरंही बोलत होता. हे दोन्ही एका तोंडात बसतं, असं आमच्या घरातल्या एकाही पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

नरम लायनर बसला. घोट्याची सूज उतरल्यावर भाटवे पुन्हा पहाटे जाऊ लागले. पण ताईनं आता आपला कायदा केला. निघण्याआधी त्यांनी अंगणात गाडीवर बसायचं आणि ब्रेक दाबून धरायचा. ताई बाळ माझ्याकडे द्यायची, पदर खोचायची, आणि मागून दोन्ही हातांनी गाडी ढकलायची. चाक हललं नाही तर जा. तिचा ना मिस्त्रीवर भरवसा, ना कागदावर, ना नवऱ्यावर, आणि माझ्यावर तर अजिबात नाही.

"अवो, बैल विकत घेऊन राहिली का तू?" भाटवे म्हणायचे.

"दाबा गुपचूप."

पटाच्या दिवशी भाटवे दोन फेरे जिंकले. तिसऱ्याआधी त्यांनी वाकून चाकाचा वास घेतला, पाळीकडे पाहिलं, आणि गाडी बाजूला लावली. लोक ओरडले, "काहून बे, भेला का?" मिस्त्रीचा साळा एकटाच शेवटच्या फेरीला पळाला आणि गुंड डोक्यावर घेऊन नाचला. मिस्त्री गर्दीत टाळ्या वाजवत होता. माझी नजर गेली तसे त्यानं हात खाली केले. तरी मी पाहत राहिले. सवय अशी एका हिवाळ्यात जात नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे टोपल्या बांधून झाल्या. भाटवे गाडीवर बसले, ब्रेक दाबला. ताईनं ढकललं. चाक वीतभर सरकलं.

"कालच्यानं चमक आली असंल लायनरवर," भाटवे म्हणाले. "मिस्त्री काचपेपर घासून देते. आज जाऊन येतो, हळू हळू."

"पुन्हा दाबा."

त्यांनी दाबला. ताईनं ढकललं. चाक पुन्हा सरकलं, थोडं कमी.

ताईनं दोर सोडला, एक टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली, दुसरी माझ्या डोक्यावर दिली, आणि आम्ही दोघी धुक्यातून एसटीच्या थांब्याकडे निघालो. मागे भाटवे बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभे होते. बाळ रडत होतं आणि ते त्याला म्हणत होते, "पाह्य, तुयी माय गेली मासे घेऊन. आता तुले मीच पाहतो."

कंडक्टरनं वासावरून कटकट केली. ताईनं टोपली सीटखाली सारली आणि खिडकीची काच वर ओढून खिडकी उघडली.