मनीषाची नोंदणी, माझा सर्व्हिस नंबर

शहाद्याच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा उजाडायचं होतं. फौजेतला गडी बायकोला पहिल्यांदाच सोबत नेतोय म्हटल्यावर कळसाडीहून ट्रॅक्टरभर माणसं सोडायला आलेली. मनीषा खिडकीशी बसली. बाकीचं सामान तिनं डिकीत टाकू दिलं. पांढऱ्या बुटांची पिशवी मात्र मांडीवरून हलू दिली नाही. आदल्या आठवड्यापर्यंत ती मोलगीकडे एका दवाखान्यात सिस्टर होती. बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या बाया विक्री आटोपली की लेकरं घेऊन तिच्यापुढे बसायच्या. ते सगळं सोडून ती माझ्यामागे निघाली होती, आणि मी खिडकीतून हात काढून चहा मागत होतो.

आबा गाडीजवळ आले. "सूननं शिक्षन पेटीमा घाली ठेवू नको," म्हणाले.

"आबा, फौजमा सगळं व्हई जास," मी म्हणालो.

हे ज्या थाटात म्हणालो, तो थाट पुढे माझ्या चांगलाच अंगाशी आला.

रेल्वेत दिवस आणि रात्र एकमेकांत विरघळून गेले. कापूस संपला, ऊस संपला, मग नुसतं पाणी आणि भात. डोळा लागायचा आणि उघडेपर्यंत फलाटावरची भाषा बदललेली असायची. उत्तर बंगालात उतरलो तर समोर काहीच नव्हतं, फक्त धुकं. आमचं क्वार्टर त्या धुक्यातच कुठंतरी होतं. सकाळी दार उघडलं की ते आत यायचं, पाटावर बसल्यासारखं खाली बसायचं आणि ऊन आलं की न सांगता निघून जायचं.

छावणीला लागून चहाचा मळा. पाठीवर टोपल्या घेतलेल्या बाया धुक्यातून कंबरेपर्यंतच दिसायच्या, जणू हिरव्या पाण्यातून चालल्यात. त्यांचे आजे-पणजे लांबच्या डोंगरांतून इथं मजुरीला आणलेले. मनीषा कुंपणाशी उभी राहून बघत बसायची. म्हणायची, "ह्या तर मोलगीच्या बाजारातल्याच वाटतात हो."

मळ्याचा स्वतःचा छोटा दवाखाना होता. तिथल्या म्हाताऱ्या मेट्रनबाईंना सिस्टर हवीच होती. पण महाराष्ट्रातली नोंदणी या राज्यात चालत नाही. इथल्या परिचारिका परिषदेत नाव लागलं पाहिजे, तोवर सुईला हात लावता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. दुर्गापूजेपर्यंत जागा धरून ठेवते म्हणाल्या, त्यानंतर दुसरी बघावी लागेल.

मनीषा अर्ज लिहायला बसली. मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

आता माझी बाजू ऐका. मी रेशन स्टोअरमधला माणूस. फौजेत बूट फाटला तरी अर्ज, आणि तो नेहमी वरच्याकडे, वरच्यानं त्याच्या वरच्याकडे, असा पायरी-पायरीनं चढायचा. थ्रू प्रॉपर चॅनल. तेव्हा बायकोचा अर्जही मी सुभेदार साहेबांकडे दिला. साहेब भला माणूस, शिफारस लिहून वर पाठवला. वरच्यांनीही शिफारस केली. मला फार अभिमान वाटला. परिषद कोलकात्याला, आणि माझा अर्ज आपला शिक्के मिरवत फौजेतच वर चढतोय, ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. मनीषा विचारायची, "कुठवर गेला?" मी सांगायचो, "ब्रिगेडपर्यंत." ती कुंपणाकडे निघून जायची. मला वाटायचं, प्रभाव पडला.

त्या दिवसांत तिचे हात रिकामे होते आणि ते त्यांना सोसत नव्हतं. नळ गळत असला की त्याच्यापुढे उभी राहून थेंबांचा वेग बघायची, सलाईन लावल्यासारखी. झोपेत माझं मनगट धरून नाडी मोजायची. मी श्वास रोखून पडून राहायचो, तिचा आकडा चुकू नये म्हणून.

मग वरून विचारणा आली: अर्जदाराचा सर्व्हिस नंबर लिहिलेला नाही. मनीषाला कुठला आलाय नंबर? पण रकाना रिकामा ठेवून अर्ज परत पाठवायचा म्हणजे माझ्या स्टोअरकीपरच्या जातीला बट्टा. मी माझा लिहिला.

काही दिवसांनी मला छावणीच्या दवाखान्यात बोलावणं आलं. तिथं एक तरुण कॅप्टन मॅडम. त्यांच्यापुढे माझा अर्ज, शिक्क्यांनी नटलेला.

"हवालदार, आप नर्स बनना चाहते हैं?"

"नहीं मॅडम. मेरी वाइफ नर्स है."

"वाइफ फौज में हैं?"

"नहीं मॅडम. घर पे हैं."

"तो उनकी अर्जी लेकर आप परेड क्यों कर रहे हैं?"

पूजा तोंडावर आली होती. त्यानंतर जागा जाईल हे मी सांगून टाकलं. मॅडम हसायच्या थांबल्या, मग म्हणाल्या, कँटीनच्या मागे साहाय्य कक्ष आहे, जवानांसाठी, माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या बायकांसाठी. तिथं थापा दीदी बसतात. त्या स्वतः नर्स. नवऱ्याच्या बदल्यांमागे राज्याराज्यांतून नोंदणी करत फिरलेल्या. वाइफला घेऊन जा.

घेऊन गेलो. फाइल काखेत, पेन खिशाला. दीदींनी माझ्याकडे पाहिलं. "भैया, आप बाहर बैठिए."

बाहेर बाक होता. आतून आधी प्रश्न ऐकू आले, मग उत्तरं, मग हसणं. मनीषा इतकं मोकळं हसते हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं, तेही भिंतीपलीकडून. काम तसं सरळ होतं. मुंबईच्या परिषदेकडून ना हरकत इथल्या परिषदेकडे यायची आणि इथं नाव लागायचं. माझी सही कुठंच लागत नव्हती. पेन घेऊन मी उगीच ताटकळलो.

पूजेचे मंडप उभे राहत असताना नोंदणी आली. मनीषानं पांढरे बूट घातले, आणि त्याच आठवड्यात माझी बदली आली. राजस्थान.

म्हणजे दुसरं राज्य, दुसरी परिषद, पुन्हा रिकामे हात. तिकडून मायचा फोन: "सूनले संगे ले, नहीतर आठे आनी सोड." आठे म्हणजे इथं, कळसाडीला. मी मनीषापुढे बसलो. तोंडाशी आलेला सल्ला गिळला आणि विचारलं, तुला काय वाटतं?

तिनं खिडकीतून मळ्याकडे बोट केलं. म्हणाली, "मी आठेच ऱ्हासू. तुम्ही जाई या."

मी गेलो. वाळूत राहिलो. स्वप्नात चहाचा मळा यायचा आणि मधूनच त्यात कळसाडीचा ऊस उगवायचा; आबा गेले त्या वर्षी तर त्या उसातून ते टोपली घेऊन चालताना दिसायचे. माय मनीषाशी फोनवर पाऊसपाण्यापलीकडे बोलत नव्हती. पेन्शनीवर आलो तेव्हा कोणत्या गावचं तिकीट काढायचं हा प्रश्न मला पडलाच नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं.

आता मळ्याच्या क्वार्टरमध्ये राहतो. इथं मला नाव नाही; मनीषा सगळ्यांची दीदी, मी दीदीका आदमी. मनीषा सुट्टीच्या दिवशी साहाय्य कक्षात बसते, थापा दीदींच्या जागी. आंध्रच्या, गढवालच्या, आपल्या साताऱ्याच्या मुली येतात; कुणी नर्स, कुणी फार्मासिस्ट. कधी नुकताच वर्दी उतरवलेला वैद्यकीय सहायकही येतो. मुलींचे नवरे फाइल काखेत घालून आत घुसायला बघतात. त्यांना बाहेर बसायला शिकवणं हे माझं खातं. तुमच्यापैकी कुणाची लेक सिस्टर असेल आणि जावई फौजेत, तर बाकावर जागा आहे.

वर्षातून एकदा कळसाडीला जातो, मनीषाला रजा मिळेल तेव्हा. मागच्या खेपेला मायच्या छातीत धडधड व्हायला लागली. मनीषानं उशाशी बसून तिचं मनगट हातात धरलं, शहाद्याला नेलं, औषधं लावून दिली, रोज सकाळी समोर बसून गोळी घ्यायला लावली. शेजारीण आली की माय हात पुढे करून दाखवायची, "आठे धरस ती, अशी."

निघताना दारात तिनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाची थैली मनीषाच्या हातात दिली. माझ्या नाही. म्हणाली, "घर पोचनात की फोन करजो."

मी वळून मायकडे पाहिलं. ती नेहमीसारखीच पदर सावरत उभी होती. आपण मळ्याला घर म्हणालो हे तिला कळलंही नसावं.

मळ्यात उतरलो तेव्हा धुकं होतं. मी फोन लावला. "माय, घर पोचनूत."

"सून कोठे शे?"

"गई ड्यूटीवर."

"मंग ठीक शे," माय म्हणाली, आणि ठेवून दिला.