मिस्तरींचे सात मणी

जळगावच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी कापसाची वजनं लिहायचो. तिथले इंजिनाचे मिस्तरी वसईकडचे ख्रिस्ती. दुपारी इंजिन सुरळीत चालू लागलं की ते उंबऱ्यावर बसून मरियामातेचा जप करत. आमच्या माळेत एकशे आठ मणी; त्यांच्या माळेत मी एकोणसाठ मोजले होते. त्यांत दहा-दहाचे पाच गट. सवयच अशी, की काट्यापाशी बसून मीही मनात मोजत राही.

कापूस वाहणाऱ्या बाया जाता-येता चिडवत, "मिस्तरीभाऊ, आमनं नाव बी ल्या!" ते डोळे न उघडता मान डोलवत.

एकदा त्यांतल्याच एकीचा पदर इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यात ओढला गेला. किंकाळी ऐकताच मिस्तरी माळ टाकून धावले आणि त्यांनी वाफ बंद केली. लुगडं फाटलं, पण बाई वाचली.

मी माळ उचलली, तिला लागलेलं तेल पुसलं आणि म्हणालो, "तिसऱ्या दहातले सात झाले होते. आठव्यापासून धरा."

त्यांनी माळ घेतली. "नाही भाऊ," ते म्हणाले, "ते सात तिच्या नावे गेले."

त्यांनी ते दहा पुन्हा पहिल्यापासून धरले, आणि मीही एकापासून.