खोकल्याला आवाज होता

"खोक," मी म्हणाले.

मुलीनं आईकडे पाहिलं. आई खुर्चीत सरसावून बसली आणि स्वतःच खोकली. "असं खोक बेटा. छातीतून."

"ताई, तुम्ही नका खोकू. तुमचा आवाज ठणठणीत आहे, तो मी ऐकतेच आहे," मी म्हणाले. बाई ओशाळल्या. मग मुलगी खोकली. खोकला चांगला खणखणीत होता आणि माझं अर्धं निदान तिथंच झालं.

मी स्पीच थेरपिस्ट. सोप्या भाषेत सांगायचं तर ज्यांना बोलता येत नाही किंवा ज्यांचं बोलणं बिघडलं आहे, त्यांना बोलतं करणारी बाई. भंडाऱ्यातल्या एका दवाखान्यात मी बरीच वर्षं काढली. माझी खोली एक्स-रेच्या बाजूला, खिडकी नसलेली. समोर, गेटजवळ, काउन्सेलर वैशाली मॅडमची केबिन. फुलाफुलांचे पडदे, दोन कुंड्या आणि काचेच्या टाकीत रंगीत मासे. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं लागणार आहे.

ही मुलगी म्हणजे समीक्षा. मोहाडी तालुक्यातल्या एका गावची, अकरावी सायन्सला. मंडईपासून तिचा आवाज गेला होता. मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी भरणारी जत्राच. घरोघरी पाहुणे येतात, दिवसभर बाजार, आणि रात्री स्टेजवर नाटक. मंडईच्या दुसऱ्या दिवसापासून ही पोरगी फक्त कुजबुजायची. आधी घरच्यांना वाटलं, गारठ्यानं घसा बसला. हळदीचं दूध झालं, काढा झाला. मग शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. मग झाडफूक झाली. वडील वरठीच्या कारखान्यात कामाला, ते वैतागून म्हणाले, नाटकं करून राहिली. शेवटी आमच्या घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरतंतू पाहिले. गळ्यातले हे दोन पडदे एकमेकांवर आले की आवाज निघतो. पडदे झकास होते. त्यांनी तिला आधी वैशालीकडे पाठवलं. वैशालीनं तिला दीर्घ श्वास शिकवला, अभ्यासाच्या ताणाबद्दल बोलली आणि म्हणाली, आता स्पीच थेरपीला दाखवा. म्हणजे पहिला मान तिचा. पोरगी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या तोंडी "वैशाली मॅडमच्या केबिनीत मासे आहेत" हेच होतं, तेही कुजबुजत. माझ्या पोटात दुखलंच.

तर खोकल्याचं. खोकताना ते पडदे जोरात एकमेकांवर आपटतात. खोकल्याला आवाज आहे म्हणजे यंत्र शाबूत आहे, फक्त बोलायच्या वेळी ते चालू होत नाही. हे नाटक नसतं. मुलगी ठरवून गप्प बसलेली नसते. आत काहीतरी असं अडकलेलं असतं की ते बाहेर येऊ नये म्हणून शरीरच दार लावून घेतं. तेराचौदापासून सतराअठरापर्यंतच्या मुलींमध्ये मी हे पुष्कळ पाहिलं. कुणाचा आवाज जातो, कुणाचा हात बधिर होतो, कुणाला फिट आल्यासारखं होतं. घरचे मात्र एकच विचारतात, खरं आहे की ढोंग?

मी मुलीला विचारायची आणि उत्तर आई द्यायची. जेवते का? आई सांगायची. झोप लागते का? आई सांगायची. बाईंचा स्वभाव लाघवी होता, त्या हसतमुख होत्या, आल्याआल्या "जय भीम मॅडम" म्हणून मला एक्स-रेच्या गर्दीतून वाट काढून देणाऱ्या. नाव ललिता. अंगणवाडीत मदतनीस होत्या. त्यांनीच मला सांगितलं की यंदा त्या आणि समीक्षा, दोघी एकाच वेळी दहावी पास झाल्या. त्यांनी बाहेरून परीक्षा दिली होती. दहावी झाली म्हणून आता त्यांना सेविकेची जागा मिळणार होती, पण ट्रेनिंगला जायचं नाव त्या घेत नव्हत्या.

"पोरीची वाचा गेली अन् मी कायची ट्रेनिंग करू जी?" त्या म्हणाल्या.

मी त्यांना बाहेर बाकावर बसवलं. दार लोटलं. ते दार कधीच नीट लागत नसे, हेही लक्षात ठेवा.

मग आमचा व्यायाम सुरू झाला. खोक. आता खोकला लांबव. आता तोंड मिटून गुणगुण, हं. हं आला. आता आ. आ आला, थोडा खरखरीत, पण आला. सोमवार, मंगळवार, बुधवार म्हण. शुक्रवारपर्यंत गाडी व्यवस्थित चालली. मी विचारलं, "मंडईत काय झालं गं?" आणि आवाज गेला. पुन्हा कुजबुज.

कुजबुजतच तिनं सांगितलं. नाटकाआधी गावानं स्टेजवर तिच्या आईचा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, हार. सरपंचांचं भाषण झालं. मग समीक्षाला माईक दिला, आईबद्दल दोन शब्द बोल म्हणून. तिनं तोंड उघडलं आणि काहीच निघालं नाही. लोकांना वाटलं, पोरगी आनंदानं भारावली. टाळ्या पडल्या.

"तुझा सत्कार नव्हता?" मी विचारलं. तिला ऐंशीच्या वर टक्के होते. आई सेकंड क्लास.

"मले आनंदच झाला मॅडम," ती कुजबुजली. हे वाक्य पाठ केल्यासारखं होतं. जिल्हाभर सगळ्या बक्षीस समारंभांत असंच बोलतात.

मी तिला खोदून खोदून विचारलं नाही. त्यानं दार आणखी घट्ट लागतं. मी माझंच गाऱ्हाणं सुरू केलं. म्हटलं, तुला सांगू का, या समोरच्या वैशाली मॅडमला पाहिलं की माझा जळफळाट होतो. बाई चांगली आहे, तेच तर दुखणं आहे. वाईट असती तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. तिला पडदे, मला एक्स-रे. पेशंट माझ्याकडे बोलायला शिकतो आणि घरी जाऊन नाव तिचं घेतो. मागं तिच्या टाकीतला एक मासा मेला, तेव्हा ती बिचारी डोळ्यात पाणी आणून सांगत होती आणि मला आतून बरं वाटत होतं.

समीक्षा हसली. खळखळून, आवाजासकट. आणि हसता हसता एकदम दचकली.

"हा तुझाच आवाज," मी म्हणाले. "आता ह्याच आवाजात सांग. इथं कोणी टाळ्या वाजवणार नाही."

मग ती बोलायला लागली. आधी खरखरीत, मग मोकळी. आईला गणित तिनंच शिकवलं. वर्गमूळ समजावून समजावून तिची दमछाक झाली. स्वतःचा अभ्यास चालू असताना आई मध्येच वही घेऊन बसायची आणि नाही म्हणायची सोय नव्हती. शिकणाऱ्या बाईला कोण नाही म्हणेल? निकाल लागला तेव्हा पत्रकार आला. चुलीजवळ आईच्या हातात पुस्तक देऊन फोटो काढला आणि हिला म्हणाला, बेटा, थोडी बाजूला सरक. पेढा आधी आईच्या तोंडात. वर्गात सर म्हणाले, तुझी आई घर सांभाळून पास होते आणि तुला काय धाड भरली? अकरावीच्या चाचणीत मार्क कमी पडले तर बाप म्हणाला, आपल्या मायकडं पाह्य जरा. मैत्रिणी घरी यायच्या त्या आईशी गप्पा मारायला. तक्रार करायची तर कुणाजवळ? आपलेच दात अन् आपलेच ओठ.

"मले तिची जळण होते मॅडम. सख्ख्या मायची," ती म्हणाली. "माय तं चांगली आहे. मंग मले असं काहून होते?"

मी म्हटलं, होते. मायचीही होते. बहिणीची होते, मैत्रिणीची होते, तुझ्या वयात तर अंघोळीच्या पाण्याइतकी रोज होते. त्यानं तू वाईट पोरगी होत नाहीस. पण मला एक कळलं नाही. हे सगळं जूनपासून चालू होतं, मग आवाज नेमका मंडईत का गेला? माईक हातात यायच्या आधी कोण काय बोललं?

ती गप्प झाली. मला वाटलं, पुन्हा गेला आवाज. मग ती बोलली आणि इतक्या जोरात बोलली की एक्स-रेच्या रांगेतली माणसं वळून पाहायला लागली.

"तिनं सगळ्यायसमोर सांगतलं, बारावीलेबी आमी दोघी संगंच बसू! मले इचारलं बी नाई! बारावी तं माही राहू दे ना माय!"

दार ढकलून ललिताबाई आत आल्या. "बोलली! माही पोरगी बोलली!" म्हणत त्यांनी पोरीला कवटाळलं, कपाळाचे मुके घेतले, माझे पाय धरायला निघाल्या. पोरीचं अंग मात्र लाकडासारखं ताठ होतं. काय बोलली ते बाईंच्या कानात शिरायला थोडा वेळ लागला. शिरलं तेव्हा त्यांचे हात हळूच खाली आले.

मला भीती वाटली. अशा वेळी आईनं रडून गोंधळ घातला की मुलगी माफी मागते आणि पुन्हा कायमचं दार लागतं. हे मी पाहिलेलं आहे. म्हणून मी टेबलाखालून समीक्षाचा हात धरून ठेवला.

ललिताबाई रडल्या नाहीत. खुर्चीत बसल्या. पदर नीट केला.

"सातवीनंतर माही शाळा सुटली," त्या म्हणाल्या. "शाळा दुसऱ्या गावाले. रस्त्यानं माह्यासंग जायले कोणी पोरगी नव्हती, म्हून बापानं पाठोलं नाई. म्हून मले वाटे, माही पोरगी एकटी नोको पडाले. म्या म्हटलं, तिच्यासंग मी बसीन."

हे समीक्षाला कधी कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण आवाज शाबूत होता.

"मी जाईन ना माय एकटी," ती म्हणाली. "मले रस्ता मालूम आहे."

ललिताबाईंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "बरं. तू हो पुढं. मी एक साल थांबीन." आणि दाराशी जाऊन मागं वळून हळूच विचारलं, "पण शिकोशील ना मले?"

"शिकोईन. पण माह्या अभ्यासाच्या टाइमले नाई," पोरगी म्हणाली. हे तिनं इतकं ठणकावून सांगितलं की तिच्या घशाला आता माझी गरज नव्हती. तरी पुढचे काही आठवडे मी तिला बोलावलं. आवाज एकदा परत आला की पुन्हा जाणारच नाही, असं नसतं.

ललिताबाई ट्रेनिंगला गेल्या, सेविका झाल्या. समीक्षा बारावी एकटी पास झाली. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर फोटो फक्त तिचा. तो फ्लेक्स आईनंच उभं राहून बांधून घेतला म्हणे. पुढच्या वर्षी आईची बारावी. तोवर पोरगी नागपूरला कॉलेजात, फोनवरून आईला शिकवायची. "एवढी वरडते जी मॅडम, फोन कानाले लावाची गरज नाई पडत," हे ललिताबाई मला स्वतः सांगत होत्या, त्या पास झाल्याचे पेढे घेऊन आल्या तेव्हा.

पण पेढे आधी वैशालीला दिले. तिची केबिन गेटजवळ ना. माझ्या दारातून मला सगळं दिसत होतं. डबा तिच्यापुढं उघडला गेला, ती मासे दाखवत होती, दोघी हसत होत्या. माझ्या घशात काहीतरी अडकलं. मी सवयीनं खोकून पाहिलं. खोकल्याला आवाज होता.

म्हणजे यंत्र शाबूत होतं. मग काय, ललिताबाई गेल्यावर मी समोर गेले आणि वैशालीला सरळ सांगितलं, "बाई, मला तुझी फार जळण होते. कितीतरी वर्षांपासून."

ती टाकीत खाणं टाकत होती. थांबली.

"मला तुझी होते," ती म्हणाली. "तुझ्याकडून माणसं बोलत बाहेर पडतात. माझ्याकडून रडत."

मग तिनं डब्यातला उरलेला एक पेढा मोडला आणि मला अर्धा दिला. मोठा अर्धा तिनंच ठेवला.