भट्टीतलं विरजण

नव्वदच्या दशकात मी मुरबाडच्या एका ॲल्युमिनियम कारखान्यात, लॅबमध्ये होतो. काम दाणे बघायचं. ओतलेल्या धातूचा तुकडा कापायचा, घासायचा, ॲसिडात बुडवायचा. मग दाणे दिसतात. दाणा बारीक असला की पत्रा तापवून हवा तसा ताणता येतो, जाड असला की फाटतो. एवढं कळायला मी तीन वर्षं डिप्लोमा केला होता.

दाणा बारीक व्हावा म्हणून वितळलेल्या धातूत टायटॅनियम-बोरॉनची कांडी टाकतात. आमच्या भट्टीवर जवळच्या वैशाखरे गावचा एक भातशेतकरी होता. हंगामी कामगार, त्याच महिन्यात कायम व्हायचा होता. एवढीशी कांडी एवढ्या मोठ्या भट्टीला पुरते कशी, असं त्यानं विचारलं. मला समजावून सांगायची भारी हौस. म्हटलं, "विरजणासारखं. चमचाभर पुरतं."

खरं तर कांडी टाकली की ढवळायचं आणि लगेच ओतायचं. उशीर झाला तर तिचे कण तळाशी बसतात आणि ती फुकट जाते. हे मी सांगितलं नाही.

त्यानं विरजण लावलं. पाळी सुरू होताच कांडी टाकली, झाकण घातलं आणि ढवळायला आलेल्याला हाकलून दिलं. विरजलेलं हलवत नाहीत, हे त्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक. ओतलं जेवणानंतर. माझ्या तुकड्यात तांदळाएवढे दाणे दिसले. लाटताना पत्रे फाटले.

मॅनेजरनं आम्हा दोघांना बोलावलं. असं करायला कोणी सांगितलं, असं त्याला विचारलं. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं.

"कोनी नाय सांगितला, साहेब. माजीच चूक."

मला फार लाज वाटली. तरी तोंड उघडलं नाही, कारण मीही अजून कायम झालो नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून त्याला कामावरून बंद केलं. पुढच्या महिन्यात मी कायम झालो.

दिवाळीनंतर मी वैशाखऱ्याला गेलो. मुरबाडपासून एसटीत एकच वाक्य घोकत होतो. तो खळ्यावर भात झोडत होता. आधी जेवा म्हणाला. त्याच्या बायकोनं ताटात दह्याची वाटी ठेवली, तेव्हा घोकलेलं वाक्य बाहेर पडलं: चूक माझी होती, मी गप्प बसलो.

"माहीत हाय मला," तो म्हणाला. "दही खावा, साहेब. ह्याला कोनी हलवला नाय."

मी वाटी चाटूनपुसून संपवली.